दोन टबांत एकतीस पोरं

आष्टा
रविवार, १२ जानेवारी २०२५

आम्रपाली,

फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. परवा माझ्या मुलाच्या, अजहरच्या फोनवरून केला, तर आवाज ओळखून कट केलास. बरं बाई. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडायच्या आधी चार ओळी वाचणार. पहिली ते चौथी तरटेमळ्याच्या शाळेत तुझा हात धरून मीच लिहायला शिकवलंय, तुझी खोड मला माहीत आहे.

तालुक्याच्या ऑफिसात तू दिलेला अर्ज साहेबांनी मला वाचायला दिला. तुझी आई आक्काताई अकरा वर्षं शाळेत पोरांचा भात शिजवत होती, तिच्या अन्नानं कावीळ पसरली असा ठपका ठेवून तिला काढलं, हे ठीक. पण शेवटी काय लिहिलंस? "कावीळ कशानं झाली हे मुख्याध्यापिकेला माहीत आहे." हे कशाच्या जोरावर लिहिलंस गं?

काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरं पिवळी पडायला लागली. एकतीसांची आपली शाळा, त्यातली अकरा. दहा बरी झाली. कस्तुरी झाली नाही. दुसरीतली, आकाराम आबांची नात. आईबाप सोनं गाळायच्या धंद्यात लांब केरळात, पोरगी आजाकडं. नऊ डिसेंबरला मिरजेच्या दवाखान्यात गेली. लिव्हर बसलं म्हणाले. सात वर्षांची होती.

पाच दिवसांनी शाळा समितीची मिटिंग झाली. वस्तीला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं, तुझ्या आईचं घेतलं. ठराव समिती करते, मी फक्त वहीत लिहिते. लिहिला. मी एकटी बाई, बाहेरगावची, मुल्लाची, तिथं काय झेंडा लावणार होते?

अर्ज मागं घे. अठरा फेब्रुवारीला सुनावणी लागलीय. तिथं चार माणसांत तुझ्या आईला परत तेच ऐकवायचंय का? इथं आष्ट्यात आमच्या ह्यांच्या ओळखीचं एक वसतिगृह आहे, तिथं तिला स्वयंपाकाला लावून देते. चांगली माणसं आहेत.

आईला सांग, बाईंनी विचारलंय. किंवा नको, राहू दे.

फिरदोस बाई


तरटेमळा
रविवार, २६ जानेवारी २०२५

आम्रपाली,

झेंडावंदन उरकलं, पोरं गोळ्या-बिस्किटं घेऊन घरी गेली, आता वर्गात एकटीच बसून लिहितेय.

तुझं पाकीट मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत एक ओळ. "बाई, डॉक्टर तुम्हाला मिटिंगच्या आधी भेटले की नंतर?" ना मायना, ना सही. अगं, मी काय पिंजऱ्यात उभी आहे का? आणि तू कोण, वकील?

नंतर भेटले. झालं समाधान?

उपकेंद्राचे डॉक्टर ते. पोरगेलेसे आहेत, पण कामाला बरे. टँकरच्या पाण्याचा नमुना नेला, आमच्या पिण्याच्या माठाचा नेला, दोन्ही चांगले निघाले. मग मला म्हणाले, "मॅडम, पोरं जेवायच्या आधी हात कशी धुतात, तेवढं दाखवा." मी दाखवलं. पुढं ते जे बोलायचं ते बोलले.

टबांचं तुला नीट माहीत नसेल. तू तेव्हा इस्लामपूरला लॅबमध्ये लागली होतीस. आपल्या शाळेला सहा नळ बांधून दिलेत ना, खाली फरशी, वर भिंतीवर रंगवलेले हात? त्या नळांना एक दिवस पाणी आलं, उद्घाटनाच्या दिवशी. टँकर चौथ्या दिवशी येतो, त्यातलं प्यायला आणि भाताला जाऊन उरेल ते आमचं. अठरा वर्षं मी बघत आले, पोरं मातीत खेळून येतात आणि तसल्याच हातानं ताटात. सांगून सांगून घसा बसला. धुवा धुवा म्हणायचं, पाणी कुठून आणायचं?

म्हणून जुलैत डोकं चालवलं. घरून दोन निळे टब नेले. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. ओळीनं यायचं, पहिल्यात हात चोळायचे, दुसऱ्यात खळबळायचे, चड्डीला पुसायचे आणि पंगतीला. तांब्यानं घालायचं म्हटलं तर एकतीस पोरांना एकतीस तांबे. इथं दोन टबांत एकतीस पोरं! फेस बघून पोरं नाचायची. शेवटी पाणी काळंकुट्ट व्हायचं, तर मी तो टब आल्यागेल्याला दाखवायचे, बघा केवढा मळ निघाला म्हणून.

पंधरा ऑक्टोबरला, हात धुवायच्या दिवशी, तालुक्याचे साहेब बघायला आले. सर्टिफिकेट मिळालं, पेपरात फोटो आला, फेसात बुडालेले पोरांचे हात आणि मागं मी. पंधरा शाळांनी माझं बघून टब आणले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, मॅडम, तुम्ही कसं केलं ते सांगा. एवढं तरी समजून घे.

तुझी आई पहिल्याच दिवशी चुलीपाशी उभी राहून म्हणाली होती, "बाई, समद्यांची घाण येकाच पान्यात की वो." मी म्हटलं, "साबण आहे त्यात, आक्काताई. तुम्ही भाताकडं बघा." हसले पण मी. तिनं तुला हे सांगितलंच असणार, म्हणून मीच लिहून टाकते.

तू लॅबमध्ये रोज रक्त तपासतेस. कावीळ कशी पसरते हे मी तुला शिकवायला नको.

फिरदोस बाई


आष्टा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आम्रपाली,

आधी. डॉक्टर आधी भेटले.

तुझी ती एक ओळ पुन्हा आली. तीच, त्याच अक्षरात. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आमचे हे म्हणाले, "एवढं काय आहे त्यात?" काही नाही म्हटलं.

बारा डिसेंबरला आले ते. गुरुवार होता. मी मोठ्या हौसेनं टब भरून दाखवले. त्यांनी पोरांची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. पोरं जेवायला बसल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. एकाच्या हातावरचं दुसऱ्याच्या तोंडात जायची सोय केलीय ही. साबणानं सुटतं, पण सुटून जातं कुठं? टबातच राहतं. एक पोरगं आजारी असलं की झालं." मग म्हणाले, "मी कागदावर दूषित पाण्याची शक्यता एवढंच लिहितो. तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण समितीला तुम्ही स्वतः सांगा."

त्या दिवशी मी दोन्ही टब शाळेमागं पालथे घातले. घरी आले, कुणाला काही बोलले नाही.

चौदाला मिटिंग. अध्यक्ष वीरधवलनं सरळच विचारलं, "बाई, डाक्टर काय म्हनलं?" माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं, विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू. पण समोर वीस-बावीस माणसं, कुणाची पोरगी अजून दवाखान्यात, आणि आकाराम आबा भिंतीला टेकून बसलेले. मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही म्हणाले."

मागून कोणीतरी म्हणालं, "पानी चांगलं निगालंय. मग सैपाकाचंच." दुसरा म्हणाला, "घरात कसं ऱ्हात्यात, कुनाला ठावं." एकदा हे निघाल्यावर थांबायला कोण आहे? आपली माणसं अशी आहेत की असं काही म्हणायला त्यांना कारण लागत नाही, नुसती मोकळीक लागते. ती मी दिली.

तुझी आई दारात उभी होती. अकरा वर्षांत कुणाला करपलेला घास वाढला नाही त्या बाईनं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी वहीत बघत होते. ठराव लिहिताना अक्षर फार सुंदर आलं, आम्रपाली. लाज वाटते मला.

मला वाटलं, तिला काढतील, मला तर फाडून खातील. पोरगी गेलीय म्हटल्यावर मुल्ला बाईला कोण सोडणार? असा हिशेब केला मी उभ्या उभ्या.

आणखी एक आहे. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. ओळीचा नियम माझा होता. जो शाळेत उशिरा येईल, तो हात धुवायला शेवटी. तेवढीच शिस्त लागते म्हणून. कस्तुरी ओढ्यापलीकडून यायची, आजाची शेरडं सोडून, अडीच किलोमीटर चालत. रोज उशीर. रोज शेवटी. तीस जणांचे हात धुऊन झाल्यावरचं पाणी तिच्या वाट्याला. आणि ती पोरगी इतकी मनापासून धुवायची गं, कोपरापर्यंत हात बुडवून. मी बाकीच्यांना म्हणायचे, शिका जरा कस्तुरीकडून.

अठराला मी काय बोलणार, मला अजून ठाऊक नाही. बोलले तर तुझ्या आईवरचा डाग जातो आणि माझी नोकरी जाते, कदाचित आणखीही काही. नाही बोलले तर आक्काताई जन्मभर पोरीला विष घातलेली बाई म्हणून राहणार. हे मला दिसतंय. दिसूनही मी तुला वचन देत नाही, कारण माझ्यावर माझाच भरवसा उरलेला नाही.

फिरदोस


तरटेमळा
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

आम्रपाली,

तू आली नाहीस. आक्काताई पण नाहीत. शिपाई तीनदा नाव पुकारून आला. खरं सांगते, मला बरं वाटलं. अर्जदारच नाही म्हटल्यावर साहेबांनी फाईल मिटली, म्हणाले, "चला मग." मी पर्स उचलली.

आकाराम आबा कोपऱ्यात बसले होते. समितीतर्फे आलेले. उठून म्हणाले, "सायेब, मला ह्या भांडनाचं काय बी नगं. माजी पोरगी कशानं गेली, येवढं कुनीतरी सांगा. बाई, तुमी शिकल्याली हायसा, तुमी सांगा."

मग सांगितलं. उभ्यानं सांगितलं, एका दमात, टब, डॉक्टर, मिटिंग, ओळीचा नियम, सगळं. मध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, जरा जपून बोला. ते टब पंधरा शाळांत चाललेत, सर्टिफिकेट आपणच दिलंय." मी म्हटलं, "म्हणूनच लिहा, आजच लिहा, उद्या तिथली पोरं पण हात बुडवतील." आवाज चढला माझा. लिहिलं त्यांनी.

आबा म्हणाले, "म्हंजी माजी पोरगी हात धुऊन गेली, म्हना की."

मी म्हटलं, "होय आबा."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि स्टँडकडं चालत गेले.

आक्काताईंचा काही दोष नाही, त्यांना परत कामावर घ्यावं, असा कागद निघालाय. त्याची नक्कल सोबत जोडलीय, जपून ठेव. पण तुला फसवणार नाही. काल समिती बसली. वीरधवल म्हणाला, "बाई, आक्काताईचा दोष न्हाई, मान्य हाय. पर आता आयांच्या मनात बसलंय. पोरं तिच्या हातचं खानार न्हाईत, आपलं डबं आनतील." मी म्हटलं, "अरे, मी माझ्या तोंडानं कबूल केलं ना, चूक माझी आहे!" तर म्हणतो, "व्हय की. आमी कुटं न्हाई म्हनतोय?" डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. माझ्या खरं बोलण्यानं मी गुन्हेगार ठरले, पण ती काही सुटली नाही.

आणि आणखी ऐक. आज दुपारी मी स्वतः तांब्या घेऊन बसले, एकेकाच्या हातावर पाणी घालायला. तीस पोरांतली सहा आली. बाकीची लांब उभी. चौथीतली रुक्सार म्हणाली, "आई म्हनली, साळंत हात धुवू नगं. कस्तुरी हात धुऊनच मेली." अठरा वर्षं ज्या गोष्टीसाठी घसा फोडला, ती मी माझ्या हातानं बुडवली. पोरं तशीच मातीच्या हातानं जेवली. मी बघत बसले.

माझी चौकशी लागलीय. बदली होईल, निलंबन होईल, जे व्हायचं ते होवो.

आता सगळं लिहून झालं. लपवलेलं काही उरलं नाही. हे पत्र आक्काताईंना वाचून दाखव. त्या परत येत असतील तर वस्तीशी भांडायला मी उभी राहीन, निदान या वेळी तरी. विचार त्यांना.

फिरदोस


इस्लामपूर
सोमवार, ३ मार्च २०२५

बाई,

मी आक्काताई सांगतीया, आम्रपाली लिवतीया. तिला बजावलंय, माजं बोलनं सुदरायचं न्हाई.

तुमची चारी पत्रं वाचून घेतली. शेवटचं दोनदा. सायबापुढं बोललासा, बरं केलासा. आमी आलो न्हाई, कारन मीच म्हनलं, नगं. आमचं त्वांड बघून बोलनार असल्या, तर त्ये काय कामाचं? कागद मिळाला. पावन्यारावळ्यांत कुनी इचारलं तर दावाया हाय आता. अडीच म्हैने बाजारात जाताना मान खाली घालून गेली मी. तुमाला म्हाईत न्हाई ते.

पर समदं लिवलं म्हनता, ते खोटं हाय बाई. येक ऱ्हायलं.

कस्तुरी शेवटाला ऱ्हाती, ह्ये मलाबी दिसत हुतं. मी तिला त्या टबाला शिवूच देत नव्हते. तुमचं ध्यान ओळीकडं असायचं, तवर मी तिला सैपाकखोलीच्या दाराशी बोलवायची आनि माठातलं तांब्याभर पानी तिच्या हातावर घालायची. तुमी बघितली न्हाईसा काय कोपरापतुर धुताना? ती सवय तिला माज्या तांब्यानं लागली. "आक्काताई, लय गार हाय," म्हनायची आनि हसायची. दसऱ्यापतुर रोज घातलं.

मग बक्षिसाचं सायेब यायच्या आदल्या दिशी तुमी मला बाजूला घेतलंसा. "आक्काताई, माठाला हात लावू नका, तक्रार आलीय." कुनाची, म्हनून मी इचारलं. तुमी सांगितलंसा. आकाराम आबांची. येकदा दुपारच्याला नातीला बघाया आलं हुतं, तवा माज्या हातचं पानी तिच्या हातावर पडताना बघितलं त्येंनी. माजा भात चालत हुता, सरकारचा म्हनून. माठ चालत नव्हता. तुमी म्हनलासा, "जाऊ द्या आक्काताई, उद्या पाहुणे येणार, कशाला वाढवायचं?"

मीबी वाढवलं न्हाई. दुसऱ्या दिसापास्नं पोरगी टबावर गेली. तुमी सायबाला समदं सांगितलंसा, ह्ये सांगितलं न्हाईसा. चार पत्रांतबी न्हाई. तुमी इसरला नसनार. माजं तर इसरून भागत न्हाई. चोरून येक तांब्या घातला असता तर कोन बघत हुतं? मला राग आला हुता बाई. म्हनलं, त्येंची पोरगी हाय, बघतील त्येंचं ते. तेवढं येक मनात आनलं मी. लेकराचा काय दोस हुता?

मी परत येनार न्हाई. इथं पोरीपाशी ऱ्हाते, येका मेसमदी चपात्या लाटते. तुमच्या त्या वसतिगृहाचं बी नगं.

आनि आबांला ह्ये सांगू नगा. त्येंच्या ध्यानात न्हाई ते, तुमच्या पत्रावरनं कळतंय. असतं तर म्हातारा त्या दिशी आपल्या पायानं स्टँडपतुर गेला नसता. त्येंला कळू देऊ नगा. तुमच्या ध्यानात ऱ्हाऊ द्या.

जय भीम.

आक्काताई